जाळं जिंकतं की ढाल? रोमन ग्लॅडिएटरांचे प्रकार आणि त्यांच्या जोड्या

मावळतीकडे
ग्लॅडिएटर म्हणजे हाताला लागेल ते हत्यार घेऊन लढणारा माणूस, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचा प्रकार ठरलेला असे आणि त्या प्रकाराचं हत्यार, ढाल, शिरस्त्राण सगळं ठरलेलं असे. तालमीला लुडस म्हणत. तिथे एकेका प्रकारासाठी वेगळा उस्ताद असायचा, त्याचं नाव 'डॉक्टर', म्हणजे शिकवणारा.

यातली मला सगळ्यात कोड्यात टाकणारी जोडी रेटिअरियस आणि सेक्युटरची. रेटिअरियस म्हणजे जाळेवाला. कमरेला वस्त्र आणि रुंद पट्टा, डाव्या हातावर जाड कापडी वेष्टन, डाव्या खांद्यावर पत्र्याचं कवच. हत्यारं तीन : जाळं, त्रिशूळ, कट्यार. ढाल नाही, शिरस्त्राण नाही. समोरच्या सेक्युटरकडे हनुवटीपासून नडगीपर्यंत झाकणारी ढाल, आखूड सरळ तलवार आणि डोकं पूर्ण बंद करणारं शिरस्त्राण. प्रतिकृती बनवून, घालून पाहणाऱ्यांचा हिशेब असा की जाळेवाल्याच्या अंगावर ७-८ किलोचं सामान होतं आणि सेक्युटरच्या अंगावर १५ ते १८ किलोचं.

प्रश्न दोन. जाळेवाल्याचं डोकं उघडं का ठेवलं? आणि पारडं नक्की कोणाचं जड होतं?

ढालकरी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सेक्युटरच्या डोक्यावर आहे.

त्याचं शिरस्त्राण जवळून पाहा. अंड्यासारखं गुळगुळीत, कडेला झालर नाही, वर पिसं नाहीत, फक्त मधोमध एक बुटका, उभा कंगोरा. डोळ्यांपुरती दोन गोल भोकं, साधारण ३ सेंटीमीटरची. झालर आणि पिसं काढली, कारण जाळं त्यांत अडकतं. भोकं लहान, कारण त्यांतून त्रिशुळाचं टोक आत जाता कामा नये. म्हणजे हे शिरस्त्राण एकाच प्रतिस्पर्ध्यासाठी घडवलेलं आहे. सेक्युटरला 'काँट्रारेटिअरियस' असंही म्हणत, म्हणजे जाळेवाल्याविरुद्धचा.

आता याची किंमत. बाजूचं दिसत नाही, पायाखालचं दिसत नाही, आणि श्वासाला हवा पुरत नाही. पाच-सात मिनिटं धावपळ केली की आत आपलाच गरम श्वास परत ओढायचा. जाळेवाल्याची सगळी लढाई या हवेशी बांधलेली आहे. लांब राहायचं, गोल फिरायचं, समोरच्याला पळवायचं, दमवायचं. सेक्युटर या शब्दाचा अर्थच पाठलाग करणारा. त्याला लवकरात लवकर त्रिशुळाच्या दांड्याच्या आत शिरायचं असतं. एकदा आत शिरला की लांब त्रिशूळ निरुपयोगी होतो.

जाळेवाल्याला शिरस्त्राण दिलं असतं तर दोघंही सारखेच गुदमरले असते आणि हा खेळच उरला नसता. उघडं डोकं म्हणजे मोकळा श्वास आणि चौफेर नजर. त्याच्या बाजूने एवढंच होतं.

सोनटक्का
त्याचं कवच डाव्या हाताला का? बाकीच्यांच्या चित्रांत तर उजवा हात गुंडाळलेला दिसतो.

ढालकरी
@सोनटक्का, बाकीच्यांच्या डाव्या हातात ढाल असते. तो हात ढालीमागे सुरक्षित, म्हणून तलवारीचा उजवा हात गुंडाळायचा. जाळेवाला उजव्या हाताने जाळं फेकतो. फेकून झालं की त्रिशूळ दोन्ही हातांत धरतो, डावा हात पुढे. मग डावी बाजूच शत्रूच्या समोर येते.

डाव्या खांद्यावरचं ते कवच म्हणजे गॅलेरस. इटलीतल्या पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या प्राचीन शहरात सापडलेले नमुने जेमतेम सव्वा किलोचे आहेत. खांद्यावर १२-१३ सेंटीमीटर उभे राहतात आणि वरची कड बाहेरच्या बाजूला वळलेली असते. हनुवटी खाली घेतली की डोक्याची ती बाजू त्याच्या आड जाते, आणि खांद्यावरून वर घसरत येणारं पातं वळलेल्या कडेवरून बाहेर जातं. एका नमुन्यावर नांगर, सुकाणू आणि खेकडा कोरलेत. मासेमारीचा थाट शेवटपर्यंत सांभाळलाय.

उगाचएक
आणि जाळं चुकलं तर? मग काय, पळा!

बखरवाचक
@उगाचएक, तुम्ही गमतीने लिहिलंत, पण रोमन कवी जुवेनालने अगदी हेच दृश्य रंगवलंय. ग्रॅकस नावाच्या उमराव घराण्यातल्या माणसावर त्याचा राग आहे. हा उजव्या हाताने जाळं फेकतो, ते फुकट जातं, आणि मग उघड्या चेहऱ्याने प्रेक्षकांकडे बघत सगळं रिंगण ओलांडून पळतो. जुवेनालला खुपतं ते हे की शिरस्त्राण नसल्याने सगळ्या रोमला तो ओळखू आला. इतर कुठल्याही प्रकारात चेहरा लपला असता. जाळेवाल्याला कमी लेखत त्याचं हे एक कारण.

पण जाळं चुकलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्रिशूळ हेच त्याचं मुख्य हत्यार. पायांवर, ढालीच्या खालच्या कडेखाली मारा करत राहायचं.

लोहारकाम
शिरस्त्राणांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ती हातात घेऊन मोजता येतात. १७६६-६७ मध्ये पॉम्पेईच्या नाट्यगृहामागच्या खांबांच्या चौकात ग्लॅडिएटरांच्या सामानाचा मोठा साठा निघाला. तो चौक शेवटच्या काळात त्यांची बराक होता. त्यातली काशाची शिरस्त्राणं बहुतेक ३ ते ५ किलोच्या दरम्यान आहेत, काही त्याहून जड. पत्रा साधारण दीड मिलिमीटरचा. सैन्यातल्या शिपायाचं शिरस्त्राण २ किलोच्या आसपास असे.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. शिपाई दिवसभर ते घालून चालतो, ग्लॅडिएटरला काही मिनिटंच घालायचं असतं. त्यामुळे वजन परवडतं आणि चेहऱ्यापुढे जाळीचं झाकण लावता येतं. नंतरच्या नमुन्यांत या झाकणाचे दोन भाग आहेत, मधोमध मिटणारे. रुंद कड वरून येणारा घाव बाहेर टाकते. आत जाड अस्तर नसेल तर मात्र घाव अडतो आणि हादरा कवटीला बसतो. एवढी नक्षी आहे म्हणजे ही नुसती मिरवायची असणार, असं काही अभ्यासकांचं मत होतं. पण मिरवायच्या वस्तूला कोणी एवढा जाड पत्रा वापरत नाही.

एक गोष्ट नजरेत भरते. डोकं, हात, पाय इतके झाकलेले आणि छाती मात्र उघडी! हातापायाला बारीक जखम होऊन लढत अर्ध्यावर संपू नये आणि छातीवरच्या घावाची भीती मात्र कायम राहावी, अशी ही मांडणी आहे.

बखरवाचक
जाळेवाला दिसायला आकर्षक, पण पॉम्पेईच्या भिंतींवर सतत भेटणारी जोडी म्हणजे मुर्मिलो विरुद्ध थ्रेक्स. तिचा हिशेब जास्त सुंदर आहे असं माझं मत.

मुर्मिलोकडे सेक्युटरसारखीच मोठी ढाल आणि सरळ तलवार. ढाल नडगीपर्यंत येते, म्हणून पुढच्या डाव्या पायाला बुटकं कवच पुरतं, उजवा पाय मागे असतो म्हणून उघडा. थ्रेक्सची ढाल लहान, चौकोनी. तिच्याखाली मांड्या उघड्या पडतात, म्हणून त्याच्या दोन्ही पायांना गुडघ्याच्या वर जाणारी उंच कवचं आणि मांड्यांना जाड गोधडीसारखं वेष्टन. एकाने ढालीत घातलेलं वजन दुसऱ्याने पायांत घातलं. बेरीज दोघांची जवळपास सारखी, १६ ते १८ किलो.

आता हत्यार. थ्रेक्सची सिका वाकडी असते. सरळ तलवारीने मोठ्या ढालीमागच्या माणसाला गाठणं अवघड. सिकाचं टोक मात्र ढालीच्या कडेवरून वळून पाठीत किंवा खांद्यात शिरतं. म्हणून मुर्मिलोला ढाल अंगाजवळ ठेवून चालत नाही, पुढे ढकलत राहावी लागते, आणि ६-७ किलोची ढाल पुढे धरून ठेवली की खांदा भरून येतो. थ्रेक्सला हेच हवं असतं. मुर्मिलोचा उपाय म्हणजे ढालीनेच धडक द्यायची. लहान ढालवाल्याकडे ती धडक झेलायला काहीच नसतं.

प्रेक्षकांत यावरून दोन तट होते. मोठ्या ढालीचे ते स्कुटारी, लहान ढालीचे ते पार्मुलारी. बादशहा मार्कस ऑरेलियसने गुरूचे उपकार आठवताना लिहिलंय की या दोन तटांपैकी कुठलाच धरू नये, हे मी त्याच्याकडून शिकलो. बादशहा टायटस थ्रेक्सच्या बाजूचा, त्याचा धाकटा भाऊ आणि नंतरचा बादशहा डोमिशियन मुर्मिलोच्या. एक प्रेक्षक बोलून गेला की थ्रेक्स मुर्मिलोला पुरून उरेल पण खेळ भरवणाऱ्याला नाही, म्हणजे थेट बादशहाला. डोमिशियनने त्याला उचलून रिंगणात कुत्र्यांपुढे टाकलं, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

उगाचएक
मोठी ढाल पार्टी आणि लहान ढाल पार्टी! आता हा धागा शंभरी गाठणार. माझं मत लहान ढालीला.

सोनटक्का
माझं मोठ्या ढालीला. धडक आवडली.

पानगळ
किंचित असहमत. वरचे प्रतिसाद वाचून असं वाटेल की कोणीतरी बसून सगळ्या विरुद्ध जोड्या आखल्या. तसं झालेलं नाही.

सुरुवातीचे प्रकार हरवलेल्या शत्रूंवरून आले. इ.स.पू. ३१०च्या सुमारास इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांवर विजय मिळाला, तेव्हा दक्षिण इटलीतल्या कँपानियाच्या लोकांनी त्यांची झगमगीत शस्त्रं ग्लॅडिएटरांच्या अंगावर चढवली आणि त्यांना 'सॅम्नाइट' म्हणू लागले, असं रोमन इतिहासकार लिव्हीने लिहिलंय. मग आजच्या फ्रान्सकडचा 'गॉल' आला, 'थ्रेक्स' म्हणजे बाल्कनमधल्या थ्रेसचा माणूस आला. रोममधली पहिली नोंदलेली लढत इ.स.पू. २६४ची, ब्रुटस पेरा याच्या अंत्यविधीत, गुरांच्या बाजारात तीन जोड्या. तिथे जाळं नव्हतं. पहिला बादशहा ऑगस्टस याच्या काळापर्यंत सॅम्नाइट आणि गॉल रोमचेच लोक झाले होते. त्यांच्या नावाने कोणाला मारणं शोभेना, म्हणून ते प्रकार मागे पडले आणि मुर्मिलोसारखी नावं पुढे आली. हे नाव एका माशावरून आलंय. जाळेवाला तर त्याहूनही नंतरचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला.

दुसरं, सगळ्या जोड्या विरुद्ध नव्हत्याच. प्रोव्होकेटर प्रोव्होकेटरशीच लढे. मध्यम ढाल, सरळ तलवार, आणि छातीवर लहान कवच, जे बाकी कोणालाच नसे. इक्विस म्हणजे घोडेस्वार, तोही इक्विसशीच. लांब भाला आणि गोल ढाल घेऊन सुरुवात, मग खाली उतरून तलवारीने शेवट. त्यांच्यापासून खेळाला सुरुवात होई. सेव्हिलचा बिशप इसिडोर याने वर्णन केलंय : पांढरे घोडे, एक स्वार पूर्वेकडून, दुसरा पश्चिमेकडून.

ढालकरी
पानगळ, मान्य. प्रोव्होकेटर माझ्या लिहिण्यातून सुटलाच होता. फक्त एवढं म्हणेन की मूळ कुठलंही असो, पहिल्या शतकात एकदा जोड्या बसल्यावर त्यांची घासाघीस सुरू झाली. सेक्युटर ही मुर्मिलोचीच घासूनपुसून केलेली आवृत्ती आहे. शरीरावरचं सगळं तेच, बदललं ते शिरस्त्राण. जाळेवाला आल्यावर मुर्मिलोची कड आणि तुरा अडचणीचे ठरले आणि नवा प्रकार निघाला.

अबोली
हॉप्लोमॅकस राहिला ना?

ढालकरी
@अबोली, बरोबर. थ्रेक्सचा सख्खा भाऊच म्हणा. तीच उंच पायकवचं, पण भाला आणि कट्यार, आणि ढाल काशाची, गोल. पॉम्पेईची एक ढाल अवघी ३७ सेंटीमीटर व्यासाची आहे. तिने अंग झाकत नाही, येणारं पातं बाजूला ढकलायचं. कट्यार त्याच ढालीच्या हातात धरत. भाला गेला की कट्यार उजव्या हातात. समोर बहुधा मुर्मिलो, कधी थ्रेक्स.

उगाचएक
ते हाताला नळी आणि पुढे अर्धचंद्र असलेलं ध्यान कोण? एका कोरीव दगडाच्या फोटोत पाहिलं.

लोहारकाम
तो सिझर. डावा हात कोपरापर्यंत धातूच्या नळकांड्यात आणि पुढे अर्धगोल पातं. आपल्याकडचा दांडपट्टा डोळ्यांसमोर आणा, त्यातही मूठ आणि मनगट पोलादी खोबणीत जातं. पण पट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक, त्याने फिरवून कापायचं. सिझरचं पातं आखूड, ते समोर ढकलायचं. जाळेवाल्यासमोर त्याला उभं करत. अर्धगोल पात्याने जाळं कापता येतं आणि हात धातूत असल्याने त्रिशूळ हाताने अडवता येतो.

याशिवाय दोन तलवारींचा दिमॅकेरस, फासवाला लाक्वेरियस, ब्रिटनमधल्या युद्धरथांवरून आलेला एसेडेरियस. आणि एक प्रकार पूलवाल्यांचा : जाळेवाला उंच मंचावर, हाताशी दगडांचा ढीग, आणि दोन बाजूंच्या उतारांवरून दोन सेक्युटर वर चढतायत.

हाडवैद्य
शस्त्रांचा पुरावा हाडांवर कसा उमटतो ते लिहितो. तुर्कस्तानात इफेससला १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांचं दफनस्थान सापडलं. निदान ६८ माणसांची हाडं, बहुतेक विशी-तिशीतली. व्हिएन्नाच्या कार्ल ग्रॉसश्मिट आणि फाबियान कान्झ यांनी ती तपासली. एका कवटीवर त्रिशुळाशी जुळणाऱ्या जखमा आहेत. एका मांडीच्या हाडावर गुडघ्याजवळ चौकोनात चार छिद्रं आहेत. चार टोकांची कट्यार जाळेवाल्याच्या हातात एका शिल्पात दिसत होती, पण खरोखर तशी वापरात असेल का, अशी शंका होती. त्या हाडाने शंका संपली.

युद्धात मेलेल्यांच्या हाडांवर घावांची गर्दी असते. इथे ती नाही. नियम पाळून, एकास एक लढत झाल्याचं ते लक्षण. काही कवट्यांवर हातोड्याचा चौकोनी घाव आहे. रिंगणाबाहेर नेताना शेवटचा घाव घालत, त्याचा हा पुरावा. भरून आलेली जुनी दुखणीही पुष्कळ, म्हणजे उपचार चांगले होत. गॅलेन हा नामवंत वैद्य इ.स. १५७ पासून पर्गमॉनच्या ग्लॅडिएटरांकडेच होता.

खुराक मांसाहारी असेल असं वाटतं ना? २०१४ मधल्या तपासणीत निघालं गहू, जव आणि कडधान्य. त्यांना 'जव खाणारे' असं टोपणनाव होतंच. हाडांत स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य गावातल्या इतर लोकांपेक्षा बरंच जास्त आढळलं. वनस्पतींच्या राखेचं पेय पीत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहिलं होतं. त्याच्याशी हे जुळतं.

सोनटक्का
म्हणजे दर लढतीत एक जण मरतच असे, हे खरं नाही?

बखरवाचक
नाही. जॉर्ज व्हिल या फ्रेंच अभ्यासकाने पहिल्या शतकातल्या नोंदवलेल्या १०० लढती मोजल्या, त्यांत १९ मृत्यू. ढाल खाली ठेवून बोट वर केलं की हार मान्य, आणि हरलेल्याला सोडायचं की नाही ते खेळ भरवणारा ठरवी. प्रेक्षक अंगठ्याने कौल देत. अंगठा खाली म्हणजे मार, हे चित्र मुख्यतः १८७२च्या जेरोमच्या एका प्रसिद्ध चित्रामुळे पक्कं झालं. लॅटिनमध्ये फक्त 'वळवलेला अंगठा' एवढंच आहे.

यात पैसाही होता. गायस या कायदेपंडिताने एक करार उदाहरणादाखल दिलाय : ग्लॅडिएटर धडधाकट परत आला तर माणशी २० दिनारी, मेला किंवा जायबंदी झाला तर १०००. पहिलं भाडं, दुसरी विक्री. पन्नासपट रक्कम मोजायची तयारी असेल तरच मृत्यूची मागणी मान्य करायची.

शिवाय मधे पंच असे, सुम्मा रुडिस, हातात लांब काठी. पट्टा सुटला, पडझड झाली की तो लढत थांबवी. बरोबरीही होई. इ.स. ८० मध्ये कोलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळात प्रिस्कस आणि व्हेरस इतके तोडीस तोड लढले की टायटसने दोघांनाही लाकडी तलवार देऊन मोकळं केलं. कवी मार्शलने त्यावर कविता लिहिलीय.

अबोली
स्त्रियांचीही एक बरोबरी आहे. तुर्कस्तानातल्या हॅलिकार्नाससचं शिल्प, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. नावं अ‍ॅमेझॉन आणि अखिलिया. दोघींना मोठी ढाल, हातावर वेष्टन, पायांना कवच, डोकी उघडी, शिरस्त्राणं जमिनीजवळ काढून ठेवलेली. खाली ग्रीकमध्ये कोरलंय की दोघींना सोडलं. इ.स. २००च्या सुमारास बादशहा सेप्टिमियस सेव्हेरसने स्त्रियांच्या लढतींवर बंदी आणली.

मावळतीकडे
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा भरून पावला. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. जाळं की ढाल?

ढालकरी
पुरावे दोन्हीकडचे आहेत, पण मी सेक्युटरच्या बाजूने लिहितो.

सिसिलीत फ्लामा नावाच्या सेक्युटरची समाधी आहे. सीरियाचा, ३० वर्षं जगला. ३४ लढती, २१ विजय, ९ बरोबरी, ४ वेळा हरून जिवंत सुटला. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरच्या मातीच्या भांड्यावर मेम्नॉन हा सेक्युटर आहे, नावापुढे ९चा आकडा, म्हणजे बहुधा नऊ विजय. समोर व्हॅलेंटिनस, जाळं आणि त्रिशूळ दोन्ही गेलेले, बोट वर. बादशहा कोमोडस रिंगणात उतरला तोही सेक्युटर म्हणून. तो डावखुरा होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. डावखुरा समोर आला की जाळेवाल्याची सगळी मांडणी उलटी पडते.

पण सगळ्यात बोलका पुरावा माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या मोझाइकवर, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रावर आहे. अस्ट्यानाक्स सेक्युटर, कॅलेंडिओ जाळेवाला. दोन पट्ट्या आहेत, खालून वर वाचायच्या. खालच्या पट्टीत जाळं बरोबर पडलंय. अस्ट्यानाक्स डोक्यापासून ढालीपर्यंत पूर्ण जाळ्याखाली आहे. कॅलेंडिओने करायचं ते सगळं केलं.

आणि तरी अस्ट्यानाक्स उभा आहे. गुळगुळीत शिरस्त्राणावर जाळं नुसतं टेकलंय, कुठे अडकलेलं नाही. ढाल समोर, तलवार आत धरलेली, पाय चालतायत. वरच्या पट्टीत कॅलेंडिओ जमिनीवर बसलाय, रक्त वाहतंय, कट्यार वर धरून हार मानतोय. अस्ट्यानाक्सच्या नावापुढे लिहिलंय 'जिंकला'. कॅलेंडिओच्या नावापुढे एक गोल आणि त्यातून गेलेली रेघ, मृत्यूची खूण.

लोहारकाम
म्हणजे ती पिसं आणि झालर काढून टाकणाऱ्या लोहाराने ही लढत जिंकली. मला हे फार आवडलं.

उगाचएक
मत बदललं. मोठ्या ढालीला.